मालकाची दया आणि मजुराचा हक्क

कारखानदारीचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित व व्यापारी मंडळींत एक वाक्य हटकून ऐकूं येतें. तें असें कीं, "मालक भला असला म्हणजे मजुरास कायदाही नको आणि संघही नको, मालकच वाईट निघाला तर कायदा व संघ तरी काय करणार?" हें वाक्य बोलणारे गृहस्थ दुष्ट नसतात. ते आपल्या नोकरांस दिवाळीस पोस्त देतात, घरांत आजारीपण निघाल्यास चार पैसे उचल देतात, लग्नकार्यास हजर राहतात. त्यांचा हेतु शुद्ध आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु हेतु शुद्ध असला म्हणजे सिद्धान्तही खरा असतोच असें नाहीं. या सिद्धान्ताची परीक्षा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकांत झालेली आहे, आणि तीही लहानसहान प्रमाणावर नव्हे, तर भरपूर भांडवल घालून व भल्या माणसांच्या हातून झालेली आहे. तिचा निकाल काय लागला हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा आज विचार आहे.

अमेरिकाच कां, असें कोणी विचारील. मँचेस्टरच्या मजुरांचे हाल पुष्कळांनीं वाचलेले असतात. पण "तो जुना सरदारशाहीचा देश, तेथें गरिबाला कोण पुसतो," असें म्हणून वाचक मोकळा होतो. अमेरिकेविषयीं ही पळवाट चालत नाहीं. तेथें राजा नव्हता, वंशपरंपरेचे सरदार नव्हते. पश्चिमेस जमीन अफाट पडली होती. मजुरीचा दर युरोपापेक्षां चढा होता, व म्हणूनच लाखों लोक समुद्र ओलांडून तिकडे गेले. शतकाच्या उत्तरार्धांत तेथील खरी मजुरी एकंदरींत वाढत गेली, हेंही प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. मालकाच्या भलेपणावर आणि खुल्या करारावर मजुराचें कल्याण सोंपवून चालण्यासारखें असतें, तर तें याच देशांत चाललें असतें.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. बोस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लोवेल हा इंग्लंडांत जाऊन तेथील यंत्रमाग डोळ्यांनीं पाहून आला, आणि १८१३ सालीं त्यानें भागीदार जमवून कंपनी काढली. त्याच्या मरणानंतर त्याच्या भागीदारांनीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मेरिमॅक नदीच्या कांठीं नवें गांव वसविलें, त्याला त्याचेंच नांव दिलें. या भागीदारांस इंग्लंडांतील गिरणगांवांची घाण व दुराचार आपल्या देशांत नको होता. म्हणून त्यांनीं आसपासच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली कामावर आणल्या. त्यांच्यासाठीं विटांचीं वसतिगृहें बांधलीं. प्रत्येक घरावर एक प्रौढ बाई नेमली. रात्रीं दहास दार बंद होई, रविवारीं देवळांत जाणें सक्तीचें असे. मजुरी रोख मिळे. मुली व्याख्यानें ऐकत, पुस्तकें वाचत. १८४० पासून कांहीं वर्षें त्यांच्या लेखांचें एक मासिकही निघत असे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ सालीं तें गांव पाहून गेला व त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत त्याची तोंडभर स्तुति केली. भला मालक याहून निराळा कसा असतो?

परंतु पाहुण्यास दिसतें तें एक व राहणारास भोगावें लागतें तें दुसरें. पहांटे साडेचार-पांचच्या सुमारास घंटा होई, आणि उन्हाळ्यांत सुमारें तेरा तास काम चाले. सूत तुटूं नये म्हणून हवा दमट राखावी लागे. त्यासाठीं खिडक्या बंद ठेवीत, आणि कापसाचा बारीक तंतु श्वासावाटे छातींत जाई. हिवाळ्यांत दिवे लावून काम होई. गिरणींतील एका स्त्रीनें पुढें चौकशी-समितीपुढें सांगितलें कीं, तिच्या खोलींत दीडशें माणसें काम करीत व तेथें २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे जळत. बंद खोलींत इतक्या दिव्यांचा धूर कोंडला म्हणजे हवेची काय दशा होत असेल, हें वेगळें सांगावयास नको. वसतिगृहांतील एकेका खोलींत चार-सहा मुली राहत, व एका बिछान्यावर दोघी निजत.

तरीही हें सर्व मुलींनीं सोसलें. बिघडलें तें निराळ्याच कारणानें. दुसऱ्या गिरण्या निघाल्या, कापडाचा भाव उतरला, आणि बोस्टनच्या भागीदारांस नफ्याचा जो वांटा मिळण्याची संवय लागली होती तो कमी होण्याचें चिन्ह दिसूं लागलें. तेव्हां भलेपणा कोठें राहिला? १८३४ सालीं मजुरींत शेंकडा १५ ची काट जाहीर झाली. सुमारें ८०० मुली काम सोडून रस्त्यावर आल्या आणि हरल्या. १८३६ सालीं वसतिगृहाचा खर्च वाढविला. त्या वेळीं दीड हजारांहून अधिक स्त्रिया बाहेर पडल्या, व कांहीं कंपन्यांस माघार घ्यावी लागली. पुढें एकेका बाईकडे पूर्वींपेक्षां अधिक माग देऊन यंत्रांचा वेग वाढविण्यांत आला. कापड अधिक निघूं लागलें. मजुरी त्या मानानें वाढली नाहीं.

मग सेरा बॅग्ली नांवाच्या एका गिरणीकामगार स्त्रीनें व तिच्या मैत्रिणींनीं १८४४-४५ च्या सुमारास स्त्री-मजुरांची सुधारणासभा स्थापिली, आणि दिवसाचें काम दहा तासांचें व्हावें असा अर्ज संस्थानच्या कायदेमंडळाकडे केला. त्यावर सुमारें २,००० सह्या होत्या. चौकशीसाठीं समिति नेमली गेली. तिचा अध्यक्ष विल्यम शूलर हा लोवेलचाच एक वृत्तपत्रकार होता. समितीनें गिरण्या पाहिल्या, आवारांतील हिरवळ व फुलझाडें पाहून समाधान मानिलें, आणि अहवालांत लिहिलें तें असें कीं, दोष आहेत हें खरें, पण त्यांवर उपाय करणें हें कायदेमंडळाचें काम नव्हे. मनुष्याची नीति सुधारेल, द्रव्यलोभ कमी होईल, तेव्हां ते आपोआप दूर होतील. हें उत्तर आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समध्यें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं दहा तासांचा कायदा झाला तो १८७४ सालीं. द्रव्यलोभ कमी होण्याची वाट पाहण्यांत एकोणतीस वर्षें गेलीं. तोंपर्यंत त्या शेतकऱ्यांच्या मुली बहुतेक घरीं परतल्या होत्या, व त्यांच्या जागीं आयर्लंडांतील दुष्काळानें देशोधडीस लागलेले लोक, त्यांच्यामागून कॅनडांतील फ्रेंच, असे अधिक गरजू मजूर आले होते. ज्यास परत जावयास घर नाहीं त्याच्यासाठीं व्याख्यानें व मासिकें यांची गरज कंपन्यांस वाटली नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट नमूद करणें प्राप्त आहे. लोवेलच्या मागांवर जो कापूस चढे, तो दक्षिणेकडील गुलामांनीं वेंचलेला असे. बोस्टनचे तेच सभ्य गृहस्थ उत्तरेंत मुलींच्या नीतीची काळजी वाहत, आणि दक्षिणेंतून फटक्यांच्या भीतीनें पिकविलेला कापूस विकत घेत. ते स्वतः कोणास फटके मारीत नव्हते. ते केवळ माल कोठून येतो हें विचारीत नव्हते. व्यापारांत न विचारणें हें केवढें पाप होऊं शकतें, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

आतां खुल्या कराराच्या सिद्धान्ताकडे वळूं. १८४२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयापुढें फारवेल नांवाच्या एका एंजिन-ड्रायव्हराचा दावा आला. सांधेवाल्यानें सांधा चुकीचा ठेवल्यामुळें गाडी रुळावरून घसरली, व फारवेलचा उजवा हात चाकाखालीं चिरडला. त्यानें रेल्वे कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनीं निर्णय दिला कीं, ड्रायव्हरास दिवसाला दोन डॉलर मजुरी मिळत होती, ती धोका लक्षांत घेऊनच ठरलेली होती. सोबत्याच्या चुकीचा धोका त्यानें करारानेंच पत्करला आहे. सबब कंपनी जबाबदार नाहीं. हाच प्रवासी असता तर त्यास भरपाई मिळाली असती! न्यायाधीश शॉ हे मजुरांचे वैरी नव्हते. त्याच वर्षीं दुसऱ्या एका खटल्यांत, मजुरांनीं संघ करणें हा स्वतः कांहीं गुन्हा नव्हे, असा उदार निर्णय त्यांनींच दिला. असा न्यायी मनुष्यही चुकला, कारण करार करणारे दोन्ही पक्ष सारखेच स्वतंत्र आहेत हें त्यानें गृहीत धरलें. आपल्या बायकामाणसांसही ठाऊक आहे कीं अडला हरी गाढवाचे पाय धरी. सांधेवाला निष्काळजी आहे किंवा नाहीं हें ड्रायव्हरास कसें कळावें? आणि कळलें तरी त्यास कामावरून काढणें कोणाच्या हातीं होतें? ज्याच्या हातीं अधिकार त्याच्यावर जबाबदारी नाहीं, व ज्याच्यावर संकट त्याच्या हातीं कांहींच नाहीं, असा हा कायदा झाला. तो इतर संस्थानांनींही उचलला. मजुरास अपघाताची भरपाई हक्कानें देणारे कायदे तेथें टिकाऊ स्वरूपांत होऊं लागले ते १९११ पासून. म्हणजे फारवेलचा हात गेल्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला.

त्या सत्तर वर्षांत काय झालें त्याचा एकच आंकडा देतों. १८८९ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षांत अमेरिकन रेल्वेवरील सुमारें २,००० नोकर मेले व सुमारें २०,००० जखमी झाले. यांतील पुष्कळ अपघात दोन डबे जोडतांना होत. डबे एकमेकांवर येत असतां मधें उभें राहून कडी व खीळ हातानें बसवावी लागे. हात काढण्यास क्षणाचा उशीर झाला कीं बोटें गेलीं. आपोआप जोडणारी कडी तेव्हां निघालेली होती, पण ती बसविण्यास खर्च होता, आणि बोटें जाण्यास कंपनीस खर्च नव्हता. व्यापारी वाचकांस याहून अधिक फोड करून सांगण्याची जरूर नाहीं. १८९३ सालीं मध्यवर्ती सरकारनें कायदा करून तशी कडी व हवेचा ब्रेक सक्तीचे केले, आणि पुढें हे अपघात कमी झाले. मजुराच्या बोटांची किंमत मालकाच्या खातेवहींत चढली, तेव्हांच तीं वांचलीं.

बाकीच्या कायद्यांचा इतिहास म्हणजे वरातीमागून घोडें. १८६० च्या १० जानेवारीस मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथें पेंबर्टन नांवाची पांच मजली गिरणी चालत्या पाळींत कोसळली. तिचे ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते. ढिगाऱ्याखालून माणसें काढीत असतां कंदिलानें आग लागली, आणि अडकून पडलेले जिवंत लोक मदतीस आलेल्यांच्या डोळ्यांदेखत जळाले. सुमारें शंभर माणसें मेलीं. १८६९ च्या ६ सप्टेंबरास पेनसिल्व्हेनियांत ॲव्हनडेल येथील कोळशाच्या खाणीच्या एकुलत्या एक तोंडास आग लागली. दुसरी वाट नसल्यामुळें ११० जण गुदमरून मेले. त्यांत दोघे वांचवावयास उतरलेले होते. दुसरी वाट खणण्यास पैसा लागतो, म्हणून ती खणलेली नव्हती. ११० प्रेतें वर आल्यावर, १८७० सालीं, प्रत्येक खाणीस दोन वाटा असाव्यात असा कायदा त्या संस्थानानें केला. ही अक्कल मालकांस आधीं नव्हती असें नाहीं. पण जो एकटा दुसरी वाट खणील त्याचा कोळसा महाग पडेल, व न खणणारा त्याचें गिऱ्हाईक नेईल, हा हिशेब प्रत्येकाच्या मनांत होता.

मुलांची कथा तर याहून हृदयद्रावक. सॅम्युएल स्लेटर यानें १७९० सालीं पॉटकेट येथें अमेरिकेंतील पहिली यशस्वी सूतगिरणी काढली, तेव्हां तिचे पहिले मजूर सात ते बारा वर्षांचीं नऊ मुलें होतीं. म्हणजे अमेरिकेच्या गिरणी-धंद्याचा मुहूर्तच बालकांच्या हातून झाला. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींवर आठ-दहा वर्षांचीं पोरें दिवसाचे दहा तास बांकांवर वांकून, खालून वाहत जाणाऱ्या कोळशांतून दगड निवडीत. बोटें फाटत, धुळीनें दम कोंडे, आणि यंत्राच्या तोंडीं पडून कित्येक मेलींही. मॅसॅच्युसेट्सनें १८३६ सालींच कायदा केला होता कीं, पंधरा वर्षांखालील मुलास वर्षांतून तीन महिने शाळेंत धाडल्यावांचून गिरणींत ठेवूं नये. पण तपासनीस नाहीं तेथें कायदा पुस्तकांतच राहतो. १९०० सालच्या शिरगणतींत दहा ते पंधरा वर्षांचीं साडेसतरा लाख मुलें कामावर असल्याचें आढळलें.

कामावरून सुटल्यावर तरी मजुरास विसावा होता काय? न्यू यॉर्क शहरांत १८६५ च्या सुमारास झालेल्या आरोग्य-पाहणींत सुमारें १५,००० चाळवजा भाड्याच्या घरांत पांच लाखांच्या आसपास लोक राहतांना आढळले. मधल्या खोल्यांस खिडकी नसे. १८६७ च्या कायद्यानें वीस माणसांमागें एक शौचकूप सक्तीचा केला. त्यापूर्वीं काय स्थिति असेल याची यावरून कल्पना करावी. याच खोल्यांत बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें, लहान मुलांसकट, विड्या-चिरूट वळीत. निजावयाची, स्वयंपाकाची व तंबाखू वाळविण्याची जागा एकच. १८८४ सालीं न्यू यॉर्कच्या कायदेमंडळानें अशा घरांत चिरूट वळण्यास बंदी केली. १८८५ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो कायदा रद्द केला. कारण काय, तर आपल्या घरांत आपला धंदा करण्याचें मजुराचें स्वातंत्र्य त्यानें हिरावलें जातें! मजुरानें तें स्वातंत्र्य मागितलें नव्हतें. पण मालकाच्या सोयीसाठीं तें त्याच्या गळ्यांत बांधण्यांत आलें. जेकब रीस या वार्ताहरानें १८९० सालीं आपल्या पुस्तकांतून या खोल्यांचीं चित्रें लोकांपुढें मांडलीं, तेव्हां कोठें शहर जागें झालें, आणि उजेड व वारा यांची सक्ती करणारा कडक कायदा १९०१ सालीं झाला.

आतां शेवटचें व आमच्या मतें सर्वांत बोधप्रद उदाहरण. आगगाडींतील झोंपण्याचे डबे बनविणारा जॉर्ज पुलमन यानें १८८० सालीं शिकागोच्या दक्षिणेस स्वतःच्या नांवाचें आदर्श गांव बांधण्यास आरंभ केला. विटांचीं घरें, नळाचें पाणी, गॅसची सोय, बगीचा, नाटकगृह, ग्रंथालय, शाळा. दारूचा गुत्ता मात्र नाहीं. देशोदेशींचे लोक तें पाहावयास येत. पण घर कोणासही विकत मिळत नसे. भाडेकरूस दहा दिवसांच्या नोटिशीनें बाहेर काढण्याचा अधिकार कंपनीनें राखून ठेविला होता. आणि भाडें आसपासच्या तशाच घरांपेक्षां शेंकडा वीस-पंचवीसांनीं अधिक होतें, असें पुढें सरकारी चौकशी-मंडळास आढळून आलें. १८९३ सालीं बाजार बसला. कंपनीनें मजुरी सरासरी शेंकडा पंचवीस कमी केली. घरभाडें एका सेंटानेंही कमी केलें नाहीं. भाडें वळतें झाल्यावर हातांत पडे त्यांत कुटुंबाचें पोट भरेना.

चौकशी-मंडळानें जे आंकडे छापले ते व्यापाऱ्यानें मुद्दाम पाहावेत. १८९३ च्या जुलैअखेरच्या वर्षांत कंपनीनें भागीदारांस २५,२०,००० डॉलर नफा वांटला होता. मजुरीचा खर्च सुमारें ७२ लाख डॉलर होता. त्यानंतरच्या, मंदीच्या वर्षांत मजुरीचा खर्च सुमारें ४५ लाखांवर आला. आणि भागीदारांचा नफा? तो वाढून २८,८०,००० डॉलर झाला. मंदी मजुराच्या ताटांत आली, भागीदाराच्या ताटांत आली नाहीं. गाऱ्हाणें सांगावयास गेलेल्या मजुरांपैकीं तिघांस काढून टाकलें, तेव्हां १८९४ च्या ११ मे रोजीं संप झाला. यूजीन डेब्स यांच्या रेल्वे-कामगार संघानें सहानुभूति म्हणून पुलमनचे डबे ओढण्याचें नाकारलें, आणि शिकागोच्या पश्चिमेकडील रेल्वे ठप्प झाली. पुलमन यांचें म्हणणें एकच, कीं पंचापुढें नेण्यासारखें कांहीं नाहींच. न्यायालयानें मनाईहुकूम काढला; अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं इलिनॉयच्या गव्हर्नरचा विरोध न जुमानतां सैन्य धाडलें; माणसें मेलीं, संप मोडला, डेब्स सहा महिने तुरुंगांत गेले. १८९७ सालीं पुलमन वारले, आणि १८९८ सालीं इलिनॉयच्या वरिष्ठ न्यायालयानें कंपनीस हुकूम केला कीं कारखान्याशीं संबंध नसलेली गांवांतील मिळकत विकून टाका. डबे बनविण्याच्या सनदेंत गांवाची मालकी येत नाहीं. आदर्श गांवाचा शेवट हा असा झाला.

लोवेल काय व पुलमन काय, दोघांनींही मजुरास पुष्कळ दिलें. एक वस्तु मात्र दिली नाहीं. ती म्हणजे स्वतःच्या स्थितीविषयीं बोलण्याचा हक्क. बगीचा दिला, पण भाडें किती असावें हें विचारण्याची सोय नाहीं; ग्रंथालय दिलें, पण कामाचे तास किती हें ठरविण्यांत भाग नाहीं. दया ही देणाऱ्याच्या इच्छेवर असते, आणि देणाऱ्याची इच्छा बाजारभावावर असते. भाव चढा आहे तोंवर दया टिकते. भाव उतरला म्हणजे ज्यास हक्क नाहीं त्याच्यापासूनच काटकसरीस आरंभ होतो. हा मालकाच्या स्वभावाचा दोष नव्हे. ही त्या व्यवस्थेची रीति आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, तास कमी करून व खर्च वाढवून धंदा बुडतो. याचें उत्तर अमेरिकेनेंच दिलेलें आहे. मॅसॅच्युसेट्सनें १८६९ सालीं मजुरांच्या स्थितीचे आंकडे गोळा करणारें स्वतंत्र खातें काढलें. त्या खात्यानें १८८१ सालीं शेजारच्या संस्थानांशीं तुलना केली, तेव्हां दहा तास चालणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांत दर माणसामागें व दर मागामागें निघणारें काम, अकरा व अधिक तास चालणाऱ्या गिरण्यांपेक्षां कमी नाहीं, असें आढळलें. पोलादाच्या धंद्यांतील बारा तासांची पाळी मोडली तर भट्ट्या विझतील, असें मालक वर्षानुवर्षें सांगत. ती पाळी तेथील सर्वांत मोठ्या कंपनीनें १९२३ सालीं सोडली, आणि भट्ट्या पेटत्याच राहिल्या. दुसरा आक्षेप असा कीं, संघ झाला म्हणजे दंगा होतो. शिकागोचा १८८६ चा बाँब व होमस्टेडची १८९२ ची गोळीबाजी पाहा. रक्तपाताचें समर्थन आम्ही कदापि करणार नाहीं. परंतु लोवेलच्या मुलींनीं बाँब फेंकला नव्हता. त्यांनीं शांतपणें अर्ज केला होता. अर्ज करणारास "हें आमचें काम नव्हे" असें सांगून परत धाडणारा मनुष्य पुढें होणाऱ्या दंग्यास अगदींच निरपराधी राहत नाहीं.

ही सर्व परक्या देशाची गोष्ट, आपला तिच्याशीं काय संबंध, असें म्हणणारास आम्ही आठवण देतों कीं, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत तिकडचा कापूस अडला म्हणून मुंबईंत पैशाचा पूर आला होता, व युद्ध संपतांच १८६५ सालीं तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या होत्या. त्या कापसाचा धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली. परदेशच्या पीडितांचें दुःख व आपल्या येथील पीडितांचें दुःख हीं एकाच जातीचीं आहेत, हें त्यांस दिसलें होतें. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून ५,५०० सह्यांचा अर्ज केला, आणि आठवड्याची सुटी मिळविली ती १८९० सालीं. ती सुटी कोणा एका मालकाच्या मनांत दया उपजली म्हणून मिळाली नाहीं. मजूर एकत्र येऊन सतत सहा वर्षें मागत राहिले म्हणून मिळाली.

आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे. जेथें मजूर राबतात तेथील स्थितीचा हिशेब उघड असावा. कारण झांकलेला हिशेब व्यापाऱ्यासही घातक असतो. मजुरास आपल्यापैकीं प्रतिनिधि निवडून मालकाशीं बोलतां यावें, आणि बोलल्याबद्दल त्याची भाकरी जाऊं नये. आणि किमान तास, किमान वय, दुसरी वाट, यंत्रास आडोसा या गोष्टी कायद्यानें सर्वांस सारख्याच लागू असाव्यात व त्या पाहावयास तपासनीस असावा, म्हणजे जो भला मालक दुसरी वाट खणूं इच्छितो त्यास ती न खणणाऱ्या शेजाऱ्याकडून मार खावा लागणार नाहीं. कायदा हा वाईट मालकास बांधण्यासाठीं जितका आहे, त्याहून अधिक भल्या मालकास मोकळेपणानें भला राहतां यावें यासाठीं आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक स्वतः गिरणीमालक नाहींत; पण कोणी भाग घेतो, कोणी कापड घेतो, कोणी ठेक्यानें माणसें लावतो. बोस्टनचे ते सभ्य भागीदार यांहून निराळे नव्हते. पुढील वेळीं नफ्याचा कागद हातीं पडेल, किंवा कोणी ठेकेदार "माल स्वस्त देतों" म्हणून दारीं येईल, तेव्हां एवढेंच विचारावें कीं, हा स्वस्तपणा यंत्रानें आणला, कीं कोणाच्या बोटांनीं? हा प्रश्न विचारावयास कायदा लागत नाहीं, आणि तो पुष्कळांनीं विचारला म्हणजे कायदा होण्यास एकोणतीस वर्षें लागत नाहींत.